शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि स्वयंपाकघरात ती रोज खरी ठरते. पळीच्या टोकावर एक शीत घ्यावे, बोटांत चेपून पाहावे आणि पातेले उतरवावे. सगळा भात चिवडून पाहण्याची वेळ कोणाही गृहिणीवर कधी आली नाही. परंतु हीच म्हण माणसाला लावू गेलो तर ती तितकीच खरी ठरेल काय? एखाद्या मनुष्याने एका वर्षी अपूर्व कामगिरी केली, तर त्या एका वर्षाकडे पाहून पुढील पाच-सहा वर्षांचा भरवसा त्याच्यावर टाकावा काय? हा प्रश्न साधा दिसतो, पण तो आपणा सर्वांच्या आयुष्यात कधी ना कधी उभा राहतो, आणि आम्हांस वाटते की त्याचे उत्तर आपण बहुधा फार घाईने देतो.

या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचे. आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तोच निवडण्याचे कारण असे की, तेथे या प्रश्नाचे उत्तर रोकडे द्यावे लागते. एका हंगामात चमकलेल्या खेळाडूशी दीर्घ मुदतीचा करार करावा की करू नये, याचा निर्णय संघचालकाला कोट्यवधी डॉलर मोजून करावा लागतो. आणि पुढे त्या खेळाडूच्या प्रत्येक फटक्याची नोंद होत असल्यामुळे कोणाचा अंदाज बरोबर ठरला व कोणाचा चुकला, हे जगाला दिसते. मोठमोठ्या गोष्टींविषयीची आपली मते इतक्या चोखपणे क्वचितच पारखली जातात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बेसबॉलमध्ये एका बाजूस नऊ खेळाडू असतात. त्यांपैकी तिघे मैदानाच्या दूरच्या भागात, म्हणजे क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उभे राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांप्रमाणे, डावीकडे, मध्यभागी व उजवीकडे उभे असतात. यांस 'आउटफिल्डर' म्हणतात. उंच उडालेले चेंडू धावत जाऊन झेलणे हे त्यांचे काम. पण त्यांच्याकडून खरी अपेक्षा असते ती दमदार फलंदाजीची. फलंदाजाने चेंडू मारून सुखरूप पहिला बेस गाठला की तो त्याचा एक 'हिट' होतो. चेंडू कुंपणापलीकडे गेला की 'होम रन', म्हणजे जवळजवळ आपला षटकारच. फलंदाजाची सरासरी हजारी मोजतात. हजार संधींमागे तीनशे हिट मिळविणारा फलंदाज उत्तम समजला जातो. म्हणजेच या खेळातील उत्तम फलंदाजही दहांपैकी सात वेळा अपयशी ठरतो. हंगाम मोठा, सुमारे सहा महिन्यांचा. प्रत्येक संघास १६२ सामने खेळावे लागतात.

आता करारांविषयी. बेसबॉलमधील दीर्घ कराराची रक्कम हमीची असते. खेळाडूचा खेळ उतरला तरी ठरलेले पैसे संघाला द्यावेच लागतात. हे ऐकून कोणास वाटेल की, ही तर खेळाडूंची चंगळ झाली! पण त्यामागचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय असा निवाडा करणे योग्य होणार नाही. १९७५ पूर्वी तेथील करारांत असे एक कलम असे की, मुदत संपली तरी खेळाडूवरील हक्क मूळ संघाकडेच राहावा. संघाने ठेवले तर राहायचे, दुसऱ्याला देऊन टाकले तर निमूटपणे जायचे. सेंट लुई कार्डिनल्स या संघाचा कर्ट फ्लड नावाचा खेळाडू, तोही आउटफिल्डरच, याला १९६९ साली असेच परस्पर फिलाडेल्फियाच्या संघाला देण्यात आले. त्याने जाण्यास नकार दिला व न्यायालयात दाद मागितली. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि फ्लडची खेळातील कारकीर्द तर त्याआधीच संपुष्टात आली होती. परंतु वाट त्याने मोकळी केली. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला आणि खेळाडूला आपला संघ निवडण्याचा हक्क मिळाला.

मात्र हा हक्क वरिष्ठ स्पर्धेत सहा वर्षांची सेवा भरल्यावरच मिळतो. तोपर्यंत पुष्कळसे खेळाडू तिशीच्या आसपास पोहोचलेले असतात. म्हणजे ज्या वेळी त्यांना मोठा करार मागण्याची मुभा मिळते, त्याच वेळी शरीराचा उतार सुरू होण्याची शक्यता असते. त्यातच कोणाचा एखादा हंगाम अवचित चमकून गेला, म्हणजे संघचालक मोठ्या पेचात पडतो. देऊ नये तर दुसरा संघ त्याला घेऊन जाईल. द्यावे तर ते एक वर्ष पुन्हा उगवेल याची खात्री कोणी द्यावी?

या पेचाच्या दोन्ही बाजू दाखवणारी दोन उदाहरणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण गॅरी मॅथ्यूज ज्युनियर याचे. याचे वडीलही नामांकित आउटफिल्डर होते. स्वतः गॅरी मात्र बरीच वर्षे या संघातून त्या संघात फिरत राहिला. २००५ साली टेक्सास रेंजर्स संघाकडून खेळताना त्याची सरासरी हजारी २५५ होती व होम रन १७ होते. २००६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचे नशीब फळफळले. सरासरी ३१३ वर गेली. निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यात त्याला स्थान मिळाले. आणि १ जुलै २००६ रोजी त्याने मध्य मैदानाच्या कुंपणावर चढून, पाठमोरा हात उंचावून, पलीकडे जाणारा चेंडू असा काही झेलला की, त्या झेलाची चित्रे पुढे कितीतरी दिवस दाखवली जात होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अँजल्स संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, पाच कोटी डॉलरांचा करार केला.

पुढे काय झाले? २००७ साली सरासरी २५२, २००८ साली २४२, २००९ साली २५०. होम रन अनुक्रमे १८, ८ व ४. कराराला एक वर्ष होते न होते तोच अँजल्सने मध्य मैदानासाठी टोरी हंटर या दुसऱ्या खेळाडूला पाच वर्षांसाठी आणले. जानेवारी २०१० मध्ये मॅथ्यूजला न्यूयॉर्कच्या मेट्स संघाकडे धाडण्यात आले, आणि उरलेल्या पैशांतील बहुतेक वाटा अँजल्सनेच उचलला. त्याच जूनमध्ये मेट्सनेही त्याला मोकळे केले. पाच वर्षांचा करार साडेतीन वर्षांतच निष्फळ ठरला.

येथे कोणी म्हणेल की, पैसा मिळताच मनुष्य आळसावला. असे म्हणणे सोपे आहे; पण आम्हांस ते अन्यायाचे वाटते. आपण थोडे गणित करून पाहू. २००६ साली मॅथ्यूजला सुमारे ६२० संधी मिळाल्या व त्यांत त्याने १९४ हिट मिळविले. आदल्या वर्षीच्या सरासरीनेच तो खेळला असता तर सुमारे १५८ मिळाले असते. फरक ३६ हिटांचा. हंगाम सव्वीस आठवड्यांचा धरला तर आठवड्याला दीड हिटही नाही! चेंडू वीतभर डावीकडे गेला तर क्षेत्ररक्षकाच्या हाती, उजवीकडे गेला तर गवतावर. आठवड्यातून एक-दोनदा असा कौल आपल्या बाजूने पडावा, एवढ्यावरच सामान्य खेळाडू व थोर खेळाडू यांच्यातील अंतर भरून निघते.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी आणखी एक पाऊल पुढे टाकावे. समजा, एखाद्या फलंदाजाची खरी योग्यता हजारी २८० आहे. त्याला ६०० संधी दिल्या तर अपेक्षित हिट १६८. पण नाणे शंभर वेळा उडवले तर बरोबर पन्नास वेळा छाप पडतेच असे नाही. तसेच येथेही होते. संभाव्यतेच्या नियमाप्रमाणे त्याचे हिट तीनांपैकी दोन वेळा १५७ ते १७९ यांच्या दरम्यान असतील. म्हणजे योग्यता तिळमात्र न बदलता सरासरी २६२ पासून २९८ पर्यंत कोठेही असू शकेल. आता तीस संघांचे मिळून नव्वद आउटफिल्डर घ्या, आणि सर्वांची योग्यता तंतोतंत सारखी आहे असे धरा. तरीसुद्धा त्यांच्यापैकी एक-दोघांची सरासरी ३१६ च्या पुढे निव्वळ योगायोगाने जाईल. त्या वर्षी आपण त्यांची छायाचित्रे छापू, त्यांच्या परिश्रमांच्या कथा सांगू, आणि त्यांना पाच वर्षांचा करार देऊ! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, या म्हणीचा अर्थ शाळेत आपण पाठ करतो. आकड्यांच्या रूपात ती समोर आली म्हणजे मात्र ओळखत नाही.

इंग्लंडातील फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिशय उंच आईबापांची मुलेही उंच असतात, परंतु सरासरीने पाहता आईबापांइतकी उंच नसतात; ती सामान्य उंचीकडे थोडी झुकलेली असतात, असे त्याला आढळले. जेथे जेथे योग्यता व योगायोग यांची सरमिसळ असते, तेथे तेथे हा नियम लागू पडतो. असामान्य वर्षानंतरचे वर्ष बहुधा त्याहून साधे असते. त्यात कोणाचा आळस नसतो आणि कोणाची दृष्टही लागलेली नसते.

एवढ्यावर थांबलो असतो तर आमचे मत सरळ होते: एका हंगामावर दीर्घ करार कधीच करू नये. परंतु दुसरे उदाहरण आम्हांस तेथे थांबू देत नाही.

होझे बाउतिस्ता हा डोमिनिकन रिपब्लिक देशातील सांतो दोमिंगो येथे १९८० साली जन्मलेला खेळाडू. २००४ या एका वर्षात तो चार निरनिराळ्या संघांकडून खेळला; कारण कोणालाच तो फार दिवस हवा नव्हता. २००८ साली तो कॅनडातील टोरांटो ब्लू जेज या, अमेरिकेच्याच स्पर्धेत खेळणाऱ्या संघाकडे आला. २००४ ते २००९ या सहा हंगामांत मिळून त्याचे होम रन ५९, आणि कोणत्याही एका हंगामात १६ हून अधिक नाहीत. असा हा खेळाडू २०१० साली एकट्या एका हंगामात ५४ होम रन मारून मोकळा झाला! त्या वर्षी दुसऱ्या कोणालाही इतके मारता आले नाहीत. टोरांटो संघाच्या इतिहासातही तो विक्रम ठरला. आधीचा विक्रम १९८७ साली जॉर्ज बेल याने केलेल्या ४७ होम रनांचा होता.

फेब्रुवारी २०११ मध्ये टोरांटोचे संघव्यवस्थापक ॲलेक्स अँथोपोलस यांनी त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे साडेसहा कोटी डॉलरांचा करार केला. बाउतिस्ताचे वय तेव्हा तीस. या करारावर शंका घेणारे पुष्कळ होते. सहा वर्षांच्या सामान्य खेळापुढे एका वर्षाची चमक ती काय, असे त्यांचे म्हणणे, आणि वरील गणित पाहता ते चुकीचे होते असे कोण म्हणेल? पण घडले निराळेच. २०११ साली त्याने ४३ होम रन मारले आणि पुन्हा सर्वांत पुढे राहिला. २०१२ साली मनगटाच्या दुखापतीने त्याचे केवळ ९२ सामने झाले, तरी २७ होम रन. २०१३ साली २८. २०१४ साली ३५. २०१५ साली ४०. करारातील तरतुदीप्रमाणे संघाने त्याला २०१६ साठीही ठेवून घेतले. १४ ऑक्टोबर २०१५ रोजी टेक्सासविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ३-३ अशी बरोबरी असताना त्याने मारलेल्या होम रनने तीन धावा मिळवून दिल्या आणि टोरांटोला पुढच्या फेरीत नेले. १९९३ नंतर बावीस वर्षांनी तो संघ अंतिम टप्प्याच्या सामन्यांत पोहोचला होता.

एक करार पूर्ण फसला, दुसरा पूर्ण फळला. दोघेही तिशीचे, दोघेही अनेक संघ हिंडलेले, दोघांचाही एकच हंगाम अपूर्व. मग फरक कोठे होता? घटना घडून गेल्यावर शहाणपण सांगणे सोपे असते, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. म्हणून आम्ही फक्त तेवढ्याच गोष्टी पाहू, ज्या करारावर सही होण्यापूर्वी सर्वांना दिसत होत्या.

मॅथ्यूजच्या २००६ च्या आकड्यांत सरासरी वाढली होती. पण होम रन १७ वरून १९ झाले, एवढेच. म्हणजे त्याच्या फटक्यांतील ताकद पूर्वीचीच होती. वाढले होते ते मैदानात पडून क्षेत्ररक्षकांना चुकवणारे चेंडू, आणि याच गोष्टीत योगायोगाचा वाटा सर्वांत मोठा असतो. बाउतिस्ताचे याच्या उलट. त्याची सरासरी २०१० साली हजारी २६० इतकीच, म्हणजे मध्यम होती. वाढले होते ते होम रन; आणि कुंपणाबाहेर गेलेला चेंडू कोणा क्षेत्ररक्षकाच्या चुकीने जात नाही. शिवाय त्या हंगामात त्याने १०० वेळा वाईट चेंडू संयमाने सोडून देऊन विनाफटका बेस मिळविला होता. कोणता चेंडू मारावा व कोणता सोडावा हे कळणे दैवाच्या हातचे नसते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाउतिस्ताच्या बदलाला कारण होते, आणि ते डोळ्यांना दिसत होते. त्याच्या फटक्याची सुरुवात उशिरा होते हे संघाचे मार्गदर्शक सिटो गॅस्टन व फलंदाजीचे शिक्षक ड्वेन मर्फी यांनी हेरले आणि बॅट लवकर फिरवण्यास सुरुवात कर असा धडा त्यास दिला. २००९ च्या सप्टेंबरात तो धडा अंगी उतरला. त्या वर्षीच्या त्याच्या १३ होम रनांपैकी बहुतेक अखेरच्या महिन्यातील आहेत. म्हणजे २०१० चा चमत्कार आकाशातून पडला नाही. त्याचा पाया आदल्या वर्षीच घातला गेला होता.

आता आमच्या म्हणीकडे वळू. शितावरून भाताची परीक्षा का होते? कारण पातेल्यातील सारी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. आच सर्वत्र सारखी लागली आहे ही खात्री असते, म्हणून एका शिताची साक्ष पुरते. तीच आच पुढील वर्षीही राहील असे मानण्यास जेथे आधार आहे, तेथे एका हंगामाची साक्ष घ्यावी. जेथे नाही, तेथे शीत कितीही मऊ लागले तरी पातेले उतरवू नये. संघचालकाने 'किती केले?' याआधी 'कशामुळे केले?' हे विचारले पाहिजे, असे आमचे मत आहे.

या मताला मर्यादाही आहे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. होम रन वाढले म्हणजे बदल कायमचा झाला, असे कोणी सूत्र करील तर तो फसेल. बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा आउटफिल्डर ब्रेडी अँडरसन याने १९९६ साली ५० होम रन मारले. त्याआधी त्याचा उच्चांक २१ चा होता. आणि त्यानंतर तो एकाही हंगामात २४ च्या पुढे गेला नाही. त्या एका वर्षी त्याच्या खेळण्यात नेमके काय बदलले, हे बाउतिस्ताप्रमाणे बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून आकडा कोणताही असो, त्यामागील कारण शोधण्याचे कष्ट चुकवता येत नाहीत. आणि कारण सापडले नाही तर तसे प्रांजळपणे मान्य करून कराराची मुदत आखडती घ्यावी.

मुदतीचा विचार करताना वयही पाहिले पाहिजे. ॲरिझोनाच्या डायमंडबॅक्स संघाने मार्च २०२३ मध्ये कॉर्बिन कॅरोल या आउटफिल्डरशी आठ वर्षांचा, ११ कोटी १० लाख डॉलरांचा करार केला, तेव्हा तो वरिष्ठ स्पर्धेत केवळ ३२ सामने खेळलेला होता! वरवर पाहता हा मॅथ्यूजच्या कराराहून मोठा जुगार. पण कॅरोलचे वय होते बावीस. करार संपताना तो तीस वर्षांचा होईल. म्हणजे संघाने त्याच्या चढत्या वयाची वर्षे विकत घेतली, तर अँजल्सने मॅथ्यूजच्या उतरत्या वयाची. २०२३ साली कॅरोल सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२४ साली त्याची सरासरी २३१ पर्यंत घसरली. आणि २०२५ साली त्याने ३१ होम रन मारून पुन्हा उभारी घेतली. करार लांब होता म्हणूनच एका वाईट वर्षाने त्याला कोणी कुचकामी ठरविले नाही. खुद्द बाउतिस्ताचाही खेळ २०१७ साली, छत्तीस वर्षे पूर्ण झाल्यावर, सरासरी २०३ पर्यंत उतरला. त्याला २०११ साली दहा वर्षांचा करार दिला असता तर आज आम्ही त्याचेही नाव मॅथ्यूजच्या जोडीला लिहिले असते.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. दीर्घ करार फसला म्हणजे दोष खेळाडूच्या माथी मारण्याची रीत आहे. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतात, वर्तमानपत्रे त्याचा पगार मोजतात. पण मॅथ्यूजने कोणाला फसविले? २००६ साली त्याने जे केले ते खरेच केले होते. पुढील पाच वर्षे तसेच घडेल हा तर्क संघचालकांचा होता. चुकला असेल तर तो त्यांचा. कमावलेल्या यशाचे बक्षीस देणे ही एक गोष्ट, आणि पुढच्या कामावर विश्वास टाकणे ही दुसरी. पहिलीसाठी एक हंगाम पुरेसा आहे. दुसरीसाठी त्या हंगामाच्या मुळाशी जावे लागते. या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे आधी अवाजवी गौरव होतो, आणि नंतर तितकाच अवाजवी धिक्कार.

वाचकहो, हे सारे दूरदेशीच्या एका खेळाविषयी झाले. पण वार्षिक परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या घरांतून काय घडते, याची आठवण आम्हांस हे लिहिताना वारंवार होत होती. मागल्या बाकावरचा एखादा मुलगा एकाएकी वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होतो. घरात पेढे वाटले जातात, आणि त्याच संध्याकाळी तो डॉक्टर व्हावा की इंजिनियर, याचा निर्णयही होऊन जातो. पुढच्या वर्षी गुण थोडे उतरले की तोच मुलगा 'डोक्यात हवा गेली' म्हणून बोलणी खातो. त्याच्याशी दीर्घ करार केला तो वडीलधाऱ्यांनी. हप्ते मात्र त्याला फेडावे लागतात.

पेढे अवश्य वाटावेत. त्या वर्षीचे यश खरे आहे. पण त्यानंतर त्या मुलाला जवळ बसवून शांतपणे विचारावे, 'बाळ, यंदा तू निराळे काय केलेस?' पहाटे उठू लागलो, गणिते पाठ न करता समजून घेऊ लागलो, असे काही त्याने सांगितले तर बाउतिस्ताप्रमाणे त्याच्यावर नि:शंकपणे विश्वास टाकावा. 'काही नाही, प्रश्न सोपे आले,' असे तो म्हणाला तर त्याच्या खरेपणाचे कौतुक करावे, आणि अपेक्षांचे ओझे जरा हलके ठेवावे. चूल पेटती आहे की नाही हे आधी पाहावे. मग शीत चेपून पाहण्यास हरकत नाही.